यादी विद्यार्थ्यांची नको, अवघड घटकांची हवी

प्रति,
माननीय प्राचार्य आणि वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांचे प्रमुख,
सांगली जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालये.

विषय : 'पिअर ट्यूटरिंग' या नावाने चालणाऱ्या तासांची रचना बदलण्याबाबत.

सविनय नमस्कार.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून पदवी हातात पडेपर्यंतची दोन वर्षे मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात माझ्यामागून आलेल्या मुलामुलींना जीवशास्त्र समजावून देण्याचे काम केले. कागदोपत्री मी 'पिअर ट्यूटर' होते. मुले मात्र त्याला 'ताईचा तास' म्हणत. मी प्राध्यापक नाही, शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, आणि पहिल्या सत्रात पेशीजीवशास्त्राच्या पेपरात मी स्वतः काठावर पास झाले होते, हे आधीच सांगून टाकते. तरीही हे पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, कारण टेबलाच्या ज्या बाजूला मी दोन वर्षे बसले त्या बाजूने हे काम कसे दिसते, हे आपल्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. आपल्याकडे येतात ते हजेरीचे कागद, अहवाल आणि फोटो.

माझी मुख्य विनंती एकच आहे. या तासांसाठी मुलांची निवड करणे आपण थांबवावे आणि घटकांची निवड करावी. कोण कच्चे आहे हे न ठरवता, अभ्यासक्रमातला कोणता भाग सगळ्यांनाच जड जातो ते ठरवावे, आणि त्या भागाच्या तासाचे दार ज्याला यावेसे वाटेल त्याला उघडे ठेवावे.

असे का म्हणते, ते पहिल्याच आठवड्यात घडलेल्या गोष्टीवरून सांगते. काम सुरू झाले ते सूचनाफलकावर लागलेल्या एका यादीने. शिष्यवृत्तीची सूचना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची सूचना या दोहोंच्या मधोमध, काचेच्या आत, सही-शिक्क्यानिशी तेवीस नावे लागली होती आणि वर ठळक अक्षरांत 'स्लो लर्नर्स' असे लिहिले होते. खाली माझे नाव, वार आणि वेळ. ठरलेल्या दिवशी तेवीसपैकी सहा जण आले. त्यांतले दोघे शिकायला आलेच नव्हते. आपले नाव यादीतून कसे काढता येईल ते विचारायला आले होते. कवठेमहांकाळकडून येणाऱ्या एका मुलीने तर मला सांगितले की तिच्या चुलतभावाने फलकाचा मोबाइलवर फोटो काढला आणि ती संध्याकाळच्या एसटीने घरी पोहोचण्याआधीच तो घरात फिरला होता. 'नापास झालीस का?' हा वडिलांचा पहिला प्रश्न होता. ती नापास झालेली नव्हती. एका चाचणीत तिला वीसपैकी सात गुण पडले होते, आणि ती चाचणी तिने तापात दिली होती.

ही यादी कोणी दुष्टपणाने लावली होती असे मला मुळीच वाटत नाही. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात, वेगाने शिकणाऱ्या आणि सावकाश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय वेगवेगळे काय करते, हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला गेलेला आहे, आणि प्रश्न असा आला की उत्तर म्हणून दोन याद्या तयार होणार, हे ओघानेच आले. याद्या झाल्या की फाइल होते, फाइल झाली की पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे जिओटॅग फोटो, ज्यावर ठिकाणाची नोंद असते. आमच्या पहिल्या तासाचा फोटो काढायला सर आले तेव्हा सहा मुले कमी दिसतील म्हणून शेजारच्या वर्गातली काही मुले आणून बसवावी लागली होती. ती मुले वाणिज्य शाखेची होती आणि त्यांच्यामागच्या फळ्यावर मी तंतुकणिकेची आकृती काढलेली होती. फोटो चांगला आला.

दुसरा मार्ग आहे आणि तो काही मी शोधून काढलेला नाही. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत 1973 साली डिआना मार्टिन यांनी एक पद्धत सुरू केली, जी पुढे अनेक देशांत गेली. तिचे मर्म असे की 'अडचणीत असलेला विद्यार्थी' शोधायचाच नाही. ज्या विषयात पुष्कळ विद्यार्थी अडखळतात तो विषय शोधायचा आणि त्या विषयाला, आधी तो शिकून गेलेल्या विद्यार्थ्याच्या मदतीने चालणारा जादा तास जोडून द्यायचा. त्या तासाला कोणीही यावे. हुशार म्हणून ओळखली जाणारी मुलेही येतात, आणि त्यामुळेच तिथे येण्याला कोणताही डाग राहत नाही. याच्याही खूप आधी, 1789 च्या सुमारास, अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला, आणि त्याची कल्पना त्याला वाळूत अक्षरे गिरवणारी मलबारी मुले पाहून सुचली, असे सांगतात. पुढे तीच पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडात गेली. आपल्या पंतोजींच्या शाळांतही पुढच्या मुलाने मागच्याला पाढे म्हणून दाखवायचे ही रीत होतीच. म्हणजे मी जे मागते आहे ते आपल्या मातीला नवीन नाही.

दुसऱ्या सत्रात एका मॅडमनी माझे ऐकले. फलकावर नावे न लावता त्यांनी एवढेच लिहून लावले : 'बुधवार, दुपारी साडेतीन. मायोसिस. ज्यांना यायचे त्यांनी यावे.' मायोसिस म्हणजे प्रजननपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन. त्या बुधवारी बाकडी पुरली नाहीत. वर्गात पहिली येणारी मुलगीही आली होती, आणि शेवटच्या बाकावर बसणारा तासगावकडचा एक मुलगाही. पहिली येणारी मुलगी मायोसिसच्या पहिल्या प्रोफेजच्या, म्हणजे सुरुवातीच्या अवस्थेच्या, पाचही पायऱ्या, लेप्टोटीनपासून डायकायनेसिसपर्यंत, एका श्वासात म्हणून दाखवत असे. मी तिला विचारले, 'पहिल्या विभाजनात एकमेकांपासून काय वेगळे होते आणि दुसऱ्यात काय?' ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, 'ताई, हे मला कधीच कळलं नाही, मी फक्त आकृती पाठ केली आहे.' हे वाक्य ती यादीतल्या मुलांसमोर बोलू शकली, कारण तिथे यादीच नव्हती.

त्या तासाचा पुढचा भाग थोडा सविस्तर सांगते, कारण या कामात नेमके काय घडते हे आपल्याला अहवालातून कळणार नाही. तिथेच मिरजेजवळच्या एका गावातला, घरची हळद असलेला मुलगा बसला होता. जोड्या लागतात म्हणजे काय, समजात, म्हणजे एकाच प्रकारची, गुणसूत्रे शेजारी येतात म्हणजे काय, हे त्याला समजेना. मी त्याला विचारले, 'तुम्ही हळद कशी लावता?' तो म्हणाला, 'गड्डं लावतो. जेठं गड्डं बेण्याला ठेवायचं.' 'बी का लावत नाही?' तो हसला. 'हळदीला कुठं बी असतंय ताई?' फुलोरा येतो, हे त्याने पाहिलेले होते. बी मात्र धरत नाही, हेही त्याला ठाऊक होते. का धरत नाही, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, आणि खरे सांगायचे तर आदल्या आठवड्यापर्यंत मलाही पडलेला नव्हता. हळदीच्या पेशीत 63 गुणसूत्रे असतात, म्हणजे 21 चे तीन संच. मी काड्यापेटीतल्या काड्या तोडून वेगवेगळ्या लांबीच्या तिकड्या केल्या आणि त्याला म्हटले, आता प्रत्येक तिकडीची दोन बाजूंना सारखी वाटणी कर. त्याने पहिल्या तिकडीतली एक काडी इकडे ठेवली, दोन तिकडे. दुसऱ्या तिकडीत दोन इकडे, एक तिकडे. पाचव्या तिकडीपर्यंत येऊन तो थांबला आणि म्हणाला, 'असं तर कुणाचाच हिशोब पुरा होणार नाही.' नेमके तेच. एकवीस तिकड्या अशा वाटल्या तर पूर्ण संच असलेले परागकण किंवा अंडपेशी तयार होणे जवळजवळ अशक्य, आणि म्हणून बी नाही, आणि म्हणून बेण्याला गड्डा. मायोसिसमध्ये जोडी का लागावी लागते हे त्याला जोडी न लागण्याच्या उदाहरणावरून कळले, आणि उदाहरण त्याच्या घरच्या परड्यातले होते.

गोष्ट तिथे संपली नाही, हे महत्त्वाचे. तासगावच्या मुलाने लगेच विचारले, 'मग आमच्या थॉमसन द्राक्षालापण तीन संच आहेत का? त्यातपण बी नसतं.' मला उत्तर माहीत नव्हते. मी तसे सांगितले आणि पुढच्या बुधवारपर्यंत मुदत मागितली. मॅडमना विचारून, पुस्तक बघून कळले की द्राक्षाची गुणसूत्रे 38, दोनच संच. थॉमसनमध्ये फलन होते पण गर्भ वाढीच्या सुरुवातीलाच खुंटतो, म्हणून मणी कापून नीट पाहिला तर बियांची खूण दिसते. दोन 'बिनबियांचे' पदार्थ आणि दोन निरनिराळी कारणे. पुढच्या बुधवारी तो घरून द्राक्षांचा एक घड घेऊन आला आणि आम्ही ब्लेडने मणी उभे कापून ती खूण शोधली. सापडली तेव्हा जो गलका झाला त्याने शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले.

हे मी एवढ्या लांबणीने का सांगते? कारण अशा तासात ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे ओतले जात नाही. कोलोराडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गावर केलेला एक अभ्यास 2009 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. विद्यार्थ्यांना आधी एकट्याने प्रश्न सोडवायला दिला, मग शेजाऱ्यांशी चर्चा करू दिली आणि नंतर त्याच धाटणीचा नवा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवायला दिला. चर्चेनंतर बरोबर उत्तरे वाढली, आणि सुरुवातीला गटातल्या कोणालाच उत्तर येत नव्हते अशा गटांतही सुधारणा दिसली. म्हणजे गटात एक 'हुशार' बसवून बाकीच्यांनी त्याचे ऐकावे, एवढे हे साधे नाही. बोलता बोलता, एकमेकांची चूक पकडता पकडता समज येते. मग आपण 'हुशारांची' आणि 'मंदांची' अशी फाळणी करून ठेवतो, तेव्हा या बोलण्याची जागाच नाहीशी करतो.

त्याच तासगावच्या मुलाचे आणखी एक सांगितले पाहिजे. प्रात्यक्षिकात द्रावणे तयार करण्याच्या गणितात तो हमखास चुके. सुक्रोजचे ठरावीक तीव्रतेचे द्रावण कर म्हटले की त्याचे हात थंड पडत. एकदा बोलण्यात घरी द्राक्षाच्या घडांना 'जीए' चे डीपिंग, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिनच्या द्रावणात घड बुडवणे, चालू आहे असा उल्लेख आला. मी विचारले, दहा पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग, करायला काय करता? तो क्षणभरही न थांबता म्हणाला, 'शंभर लिटरला एक ग्रॅम. आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यायचं, नाहीतर पावडर तरंगते.' अगदी बरोबर. हाच मुलगा वहीत लिहीत होता की जिबरेलिनचा शोध जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 साली भाताच्या रोपांच्या रोगावरून लावला. पण ते जिबरेलिन आणि घरच्या गोठ्यातल्या फळीवर असलेली 'जीए' ची पुडी एकच आहे, हे त्याच्या डोक्यात एकत्र आलेले नव्हते. बिया हा मण्यातला जिबरेलिनचा स्रोत असतो, बी नाही तर मणी आपल्या बळावर फारसा फुगत नाही आणि म्हणून बाहेरून द्यावे लागते, हे कळल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'म्हणजे आम्ही बीचं काम करतो.' त्या मुलाला आपल्या यादीत 'स्लो लर्नर' म्हटले होते. त्याला गणित येत होते. आपण ते कोणत्या नावाने विचारतो, ते त्याला ओळखू येत नव्हते.

इथे भाषेचा प्रश्न आलाच. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात. त्यांनी 'सूत्री विभाजन' आणि 'अर्धगुणसूत्री विभाजन' चांगल्या गुणांनी लिहिलेले असते. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था त्यांना तोंडपाठ असतात. अकरावीत एका रात्रीत तो सगळा ऐवज मायटोसिस, मायोसिस, प्रोफेज, मेटाफेज या नावांखाली परत येतो आणि मुलांना वाटते की हे काहीतरी नवेच आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या एका मुलीने मला विचारले होते, 'ताई, मायटोसिस म्हणजे सूत्री विभाजनच ना? मला दोन वर्षं वाटत होतं की वेगळं असेल.' दोन वर्षे! आमच्या तासात मी वहीच्या पानाचे दोन उभे भाग करून डावीकडे दहावीचा शब्द आणि उजवीकडे पेपरात लिहायचा शब्द लिहायला लावत असे. परीक्षा इंग्रजीत आहे आणि ती तशीच राहावी, याबद्दल माझी तक्रार नाही. विचार मात्र ज्या भाषेत पटकन होतो त्या भाषेत होऊ द्यावा. एका महाविद्यालयात अशा तासांसाठी 'केवळ इंग्रजीत संभाषण' अशी अट घातल्याचे मैत्रिणीकडून कळले. हेतू चांगला असेल, पण त्या खोलीत फार थोडे बोलले गेले असणार.

आता आमच्या मर्यादांविषयी. या कामाचे नुसते कौतुक करणारे पत्र मला लिहायचे नाही.

मी चुकीचे शिकवले आहे. श्वसनाच्या घटकात एका ग्लुकोजच्या रेणूपासून 38 एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात, असे मी फळ्यावर लिहिले, कारण दहावीपासून मी तेच लिहीत आले होते. एका मुलाने नव्या आवृत्तीचे पुस्तक दाखवून 32 म्हटले. मी त्याला दाबून टाकले. 'पेपरात 38 लिही' असे म्हणाले. नंतर सरांनी समजावले की एनएडीएच आणि एफएडीएच-टू हे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू, आणि जुन्या हिशोबात प्रत्येक एनएडीएचला तीन आणि एफएडीएच-टूला दोन एटीपी धरत, आता ते अनुक्रमे अडीच आणि दीड धरले जातात. त्यामुळे दहा एनएडीएचचे पंचवीस, दोन एफएडीएच-टूचे तीन आणि थेट मिळणारे चार मिळून 32 होतात, आणि पेशीद्रव्यातल्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने आत जातात त्यावर ते 30 पर्यंत उतरतात. मी पुढच्या तासाला सगळ्यांसमोर माझी चूक दुरुस्त केली. माफी मागितली त्या मुलाची. पण ही चूक मला कळली ती योगायोगाने, सर जिन्यात भेटले म्हणून. माझ्यासारख्या विद्यार्थिनीला एकटे सोडून दिले तर अशा चुका फळ्यावरून वहीत आणि वहीतून पेपरात जात राहतील. म्हणून दर आठवड्याला अर्धा तास, फक्त अर्धा तास, त्या विषयाच्या प्राध्यापकांनी आमच्याबरोबर बसावे. पुढच्या घटकात मुले कुठे अडकतात ते सांगावे आणि आम्हाला काय येत नाही ते तपासावे. प्रशिक्षण म्हणून एक दिवसाची कार्यशाळा, हार-तुरे आणि प्रमाणपत्र यांपेक्षा हा अर्धा तास कितीतरी मोलाचा आहे.

दुसरी मर्यादा मुलांच्या अपेक्षांची आहे. पहिल्या महिन्यात निम्मी मुले 'आयएमपी' प्रश्न मागायला आणि उरलेली जर्नल उतरवायला आली. 'ताई, तुझं सर्टिफाइड जर्नल दे ना दोन दिवस.' मी दिले नाही, त्यामुळे काही जण परत आले नाहीत, आणि त्याचे मला वाईटही वाटले. पण जर्नल देणारा पिअर ट्यूटर हा झेरॉक्सच्या दुकानाला पर्याय होतो, एवढेच. कांद्याच्या मुळाची स्लाइड ज्याने स्वतः केली नाही त्याला जर्नलमधल्या आकृतीचा उपयोग काय? ग्लासावर ठेवलेल्या कांद्याच्या मुळांची टोके खुडून, कार्माइनमध्ये रंगवून, स्पिरिटच्या दिव्यावर किंचित ऊब देऊन, वर काचपट्टी ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने दाबायचे. अंगठा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि सगळे वाया जाते. एक मुलगी सूक्ष्मदर्शकातून पाहून हिरमुसली होती : 'पुस्तकात सगळ्या अवस्था ओळीने असतात, इथं नुसत्या गोल गोल पेशीच दिसतात.' मी तिला शंभर पेशी मोजायला लावल्या. विभाजनात नसलेल्याच बहुतेक निघाल्या. उरलेल्यांत प्रोफेज जास्त, मेटाफेज अगदी मोजक्या. का बरं? बराच वेळ डोळा लावून ती म्हणाली, 'ज्या अवस्थेत पेशी जास्त वेळ थांबते, तिच्या जास्त दिसणार.' यात्रेच्या दिवशी एसटी स्टँडचा एकच फोटो काढला तर धावणाऱ्या गाड्यांपेक्षा थांबलेल्या गाड्या जास्त दिसतात, तसेच हे, असेही तिनेच पुढे सांगितले. हे मी तिला सांगितले असते तर ती ते वहीत लिहून विसरून गेली असती.

तिसरी गोष्ट अप्रिय आहे, पण लिहिते. आम्हाला प्राध्यापकांच्या जागी वापरू नका. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नेमणूक लांबली म्हणून एका विभागात दोन आठवडे प्रात्यक्षिकाची पूर्ण बॅच तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यावर सोपवल्याचे मी जवळून पाहिले आहे. त्या मुलाने ते आनंदाने केले, कारण त्याला तो मान वाटला. पण आम्लाची बाटली कुठे आहे आणि डोळ्यात उडाले तर काय करायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. रिकाम्या जागा भरणे हे शासनाचे आणि संस्थाचालकांचे काम आहे. पिअर ट्यूटर हा त्यावरचा उतारा ठरू लागला तर तो उद्या सगळीकडे दिसेल आणि जागा मात्र रिकाम्याच राहतील.

मोबदल्याबद्दल बोलायला संकोच वाटतो, तरी बोलते. आपल्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था उभी केली, ती मुलांनी श्रम करून शिकावे या विचाराने, आणि 'कमवा आणि शिका' ही योजना आज अनेक महाविद्यालयांत आहे. तिच्यात मुले बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काम करतात. धाकट्यांना मायोसिस समजावणे हेही काम आहे, आणि त्यासाठी तयारी करायला घरी जितका वेळ लागतो तितका बागेला पाणी घालायला लागत नाही. ज्या मुलांना सुट्टीच्या दिवशी छाटणीला किंवा हळद काढायला रोजाने जावे लागते, ती मुले फुकटच्या कामासाठी आठवड्याचे दोन तास देऊ शकत नाहीत. मग हे काम करायला उरतात ती फक्त खाऊनपिऊन सुखी घरची मुले. मला हे परवडले, कारण आमचे घर विश्रामबागेत आहे आणि मला एसटी पकडायची नसते. आणखी एक वाट आहे. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक तीस तासांचा धरला जातो. हे तास त्यात कुठे बसवता येतील का, ते अभ्यास मंडळावरच्या आपल्यापैकी जाणकारांनी पाहावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहाध्यायींनी एकमेकांना शिकवण्याचा उल्लेख आहे, तो शाळेतल्या अक्षरओळखीच्या संदर्भात असला तरी त्यातले एक वाक्य महाविद्यालयालाही लागू पडते : याचा फायदा शिकणाऱ्याइतकाच शिकवणाऱ्यालाही होतो. पेशीजीवशास्त्रात काठावर पास झालेली मी आता सूक्ष्मदर्शकासमोर घाबरत नाही, ते त्या बुधवारांमुळे.

आणि वेळ. कृपा करून हे तास सकाळी आठला किंवा संध्याकाळी पाचला ठेवू नका. जत आणि आटपाडीकडची मुले पहाटे घरून निघतात, आणि परतीची पासाची गाडी चुकली तर पुढची थेट अंधारात असते. मुलगी असेल तर घरचे दुसऱ्या वेळी तिला थांबूच देत नाहीत. प्रात्यक्षिक संपल्यावर आणि एसटीच्या आधी जो पाऊण-एक तास असतो, तोच खरा तास. त्या वेळी आम्हाला प्रयोगशाळेची किल्ली हवी असते, आणि तेव्हाच ती कपाटात गेलेली असते. पहिल्या सत्रात आम्ही निम्मे तास व्हरांड्यात, वनस्पतिसंग्रहाच्या कपाटाला टेकून घेतले. एक सूक्ष्मदर्शक, एक फळा आणि किल्ली. याहून जास्त खर्च नाही.

म्हणून, येत्या सत्रात प्रत्येक विभागाने गेल्या दोन-तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका समोर ठेवून, आपल्या विषयातले कोणते घटक बहुतेकांना जड गेले ते काढावे, अशी विनंती आहे. मायोसिस, श्वसन, जनुकशास्त्रातली सहलग्नतेची (एकाच गुणसूत्रावरची जनुके एकत्र पुढे जाण्याची) गणिते ही माझ्या अनुभवातली नावे आहेत. प्राणिशास्त्रात ती वेगळी निघतील. तीच यादी फलकावर लावावी, नावे लावू नयेत. नॅकच्या फाइलमध्ये काय लिहायचे हा प्रश्न उरला तर त्या घटकांच्या तासांना कोण कोण आले ते लिहावे. त्यात पहिला आलेलाही असेल आणि एटीकेटी असलेलाही, आणि समितीने विचारले तर तसे सांगावे.

आपल्यापैकी कोणत्याही विभागाने बोलावले तर मी आणि माझ्याबरोबर काम केलेले दोघे-तिघे येऊन असा एक तास घेऊन दाखवायला तयार आहोत. मानधन नको. फक्त चार-पाच दिवस आधी कळवावे, कारण कांदे ग्लासावर ठेवून मुळे फुटायला तेवढे दिवस लागतात आणि ती मुळे मी घरूनच आणेन.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक माजी विद्यार्थिनी,
विश्रामबाग, सांगली.